ओक्पावालीचं मनगट

मामा उझोबद्दल एनुगू शहरातल्या आमच्या असाता भागात कोणालाही विचारा. आधी तिच्या ओक्पाची गोष्ट सांगतील आणि मग आवाज खाली आणून माझ्या आणि तिच्या भानगडीची. पहिली गोष्ट खरी आहे. दुसरी खोटी आहे, आणि ती खोटी असल्याचं मला फारसं समाधान वाटतं असंही नाही. पण लोकांना ती सुचली कशी, हे सांगायचं तर एका बाटलीभर दुधाची हकिगत सांगावी लागेल.

तिचं खरं नाव मग्बाफो. मुलगी उझोआमाका, म्हणून जगाला ती मामा उझो, म्हणजे उझोची आई. नवरा लवकर गेला तेव्हा तिनं डोक्यावर परात घेतली आणि नाइन्थ माइलच्या थांब्यावर ओक्पा विकायला उभी राहिली. कडधान्याच्या पिठात पामचं तेल आणि मिरची कालवायची, केळीच्या पानात बांधायचं, उकळत्या पाण्यात शिजवायचं, की झाला ओक्पा. एनुगूहून बाहेर पडणारी प्रत्येक गाडी तिथे थांबते आणि वीस-पंचवीस बायका एकदम खिडक्यांवर तुटून पडतात. तिथे ज्याचा माल सगळ्यात गरम त्याचा माल आधी खपतो. इतर बायका पातेल्यातून पुड्या काढायला झारा घ्यायच्या. मामा उझो हात घालायची. वाफेत कोपरापर्यंत हात, आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू विहिरीच्या पाण्यात बोटं बुडवलीत. गिऱ्हाईक पुडी या हातातून त्या हातात उडवायला लागलं की ती म्हणायची, "नाचा, नाचा. नाचवत नाही तो ओक्पा शिळा."

त्या नाचावर तिनं पोरीला शिकवलं, बँकेत चिकटवलं आणि ओबिओरा नावाच्या एका बऱ्या मुलाशी लग्न लावून दिलं. जावई पोर्ट हारकोर्टला तेलाच्या कंपनीत, महिन्यातून एकदा घरी. उझोआमाका आमच्या आवारात वरच्या मजल्यावर, आणि मी खाली, व्हरांड्यात खुर्ची टाकून. आयुष्यभर मी ओग्बेतेच्या बाजारात कापड विकलं. आता बसून असतो आणि कोण कुठे जातं ते बघतो. कोणीतरी बघायला हवं.

उझोआमाकाची मुलगी दिवस भरण्याआधीच झाली. नाव ओलान्मा. हॉस्पिटलातून घरी आणली तेव्हा कापडात गुंडाळलेलं ते पोर बघून मी एवढंच म्हणालो, की ओक्पाची पुडीसुद्धा याहून जाड असते. मामा उझोनं माझ्याकडे असं बघितलं की पुढचा विनोद मी गिळला. ती ओमुग्वोला आली होती. आमच्यात बाळंतिणीची आई येऊन राहते, बाळाला न्हाऊ घालते, लेकीचं पोट गरम पाण्याच्या फडक्यानं दाबते, तिखट गरम रस्सा पाजते. हा पहिला हक्क बाईच्या आईचा. तिला जमलं नाही तर सासू येते, आणि सासू आली की गावाला कळतंच, की आईला जमलं नाही.

मामा उझोला सगळं जमत होतं. फक्त ती घाबरलेली होती. पोर झोपलं की नाकाशी कान नेऊन बसायची. पोर रडलं की घाबरायची, आणि रडायचं थांबलं की जास्तच घाबरायची. नर्सनं सांगितलं होतं की या मुलीचं एकही पाजणं चुकता कामा नये, तिच्याकडे राखीव काही नाही. हे वाक्य मामा उझो जाता-येता स्वतःशी म्हणायची.

मग उझोआमाकाची रजा संपली. ती पहाटे दूध काढून बाटल्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवू लागली, आणि जावयानं दूध कोमट करायचं यंत्र पाठवलं. पांढरा डबा, त्यात पाणी, पाण्यात बाटली. पहिला धडा झाला तेव्हा मी वर मीठ मागायला गेलो होतो. माझ्या घरी मीठ होतं.

"मामा, इकडे बघ," उझोआमाका म्हणाली. "पाणी या रेघेपर्यंत. नारिंगी दिवा म्हणजे तापतंय, हिरवा म्हणजे झालं. झालं की लगेच बाहेर काढायची, आत विसरायची नाही."

"तुला वाढवलं तेव्हा मी कुठला दिवा बघत होते?"

"मी वेळेवर जन्मले होते, मामा."

मामा उझो वाकून रेघ बघायला लागली.

"मग बाटली अशी गोल फिरवायची. दूध एका जागी कढत आणि दुसऱ्या जागी गार असं राहतं. फिरवून झालं की मनगटावर आतल्या बाजूला एक थेंब. काहीच वाटलं नाही पाहिजे, ना गरम, ना गार. काही वाटलं नाही तर समज की बरोबर आहे. आणि उरलेलं दूध पुन्हा तापवायचं नाही. टाकून द्यायचं."

"टाकायचं? आईचं दूध?"

"टाकायचं, मामा."

"पापा आझुका, ऐकलंत?" ती मला म्हणाली. आझुका माझा मुलगा. "मी शिळा ओक्पा टाकला नाही कधी. ही दूध टाकायला सांगते."

"शिळा ओक्पा तुम्ही मला विकलात," मी म्हणालो.

त्या सोमवारी उझोआमाका पहिल्यांदा बँकेत गेली. धुळीचा कोरडा वारा सुटला होता, सकाळी अंगणात चांगलंच गार. थोड्या वेळानं मामा उझो पोराला पाठीशी बांधून आणि बाटली हातात घेऊन खाली आली, उन्हात बसून पाजायला. "हिला आत हुडहुडी भरते," ती म्हणाली. "जरा धरा ही, मी हिला सोडवते."

मी बाटली घेतली आणि जवळजवळ टाकलीच.

"अहो, हे काय आणलंत?"

"दूध."

"हे दूध आहे की तुमच्या पातेल्यातलं पाणी?"

"बघितलंय मी. थेंब टाकून बघितलाय. काही वाटलं नाही."

मी माझ्या मनगटावर एक थेंब टाकला. कापडवाल्याचं मनगट आहे ते, रेशमाशिवाय कशाला लागलेलं नाही. हात झटकला तरी लाल ठिपका उमटलाच. पोर दोघांच्या मध्ये भुकेनं ओठ हलवत होतं. त्यानं अजून एक थेंबही प्यायलेला नव्हता, एवढंच देवानं बरं केलं.

"इकडे द्या," मामा उझो म्हणाली आणि तिनं स्वतःच्या मनगटावर ओघळच सोडला. वाट बघितली. "काही नाही. गारच आहे म्हटलं तरी चालेल."

मग तिनं माझ्या मनगटावरचा लाल ठिपका बघितला. स्वतःचा हात उलटासुलटा केला. कोपरापर्यंत वाफेच्या जुन्या डागांची कातडी, कुठे चकचकीत, कुठे कासवाच्या पाठीसारखी. त्या हातांची मी वर्षानुवर्षं थट्टा केली होती.

"कोणाला सांगू नका," ती म्हणाली.

मला. गुपित ठेवायला मला सांगितलं. असातामध्ये कोणाचं गुपित पसरवायचं असेल तर लोक मला चहाला बोलावतात.

"उझोला तरी सांगा," मी म्हणालो.

"सांगितलं की ती माझ्या हातात पोर देताना आधी हात बघेल. मग एक दिवस देणार नाही. मग ती दुसरी येईल." दुसरी म्हणजे सासू, मामा ओबी. "तुमचा हात आहे ना. लोण्याचा का असेना, हात आहे. तो पुरेल."

"बोटानं तरी बघा, नाहीतर दुसरं कुठेतरी कळत असेल."

"ओठाला कळतं. पण नर्स म्हणाली, मोठ्यांचं तोंड बाटलीला लावायचं नाही."

"मग हिरव्या दिव्यावर विश्वास ठेवा."

"इथे लाईट स्वतः केव्हा येईल आणि केव्हा जाईल सांगत नाही. तिच्या दिव्यावर मी नातीची जीभ ठेवू?"

तेव्हापासून माझं मनगट नोकरीला लागलं. दिवसातून कितीदा तरी ती जिना उतरून यायची, बाटली फिरवायची, मी हात पुढे करायचो, ती थेंब टाकून माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघायची. मी मान हलवली की ती श्वास सोडायची. एकदा गंमत म्हणून मी उगाच ओठ आवळले. तिचा चेहरा इतका उतरला की पुन्हा तसं केलं नाही.

आता समोरच्या शेडमध्ये केसांच्या वेण्या घालणाऱ्या पोरी बसतात. त्यांना बाटली दिसत नव्हती, ती तिच्या कापडाच्या घडीत असायची. त्यांना एवढंच दिसत होतं, की एक विधवा बाई पुन्हा पुन्हा खाली येते, म्हातारा हात पुढे करतो, ती वाकते, दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघतात आणि मग म्हातारा मान डोलावतो. एका पोरीनं मला विचारलंच, "पापा, लग्नाची कोला फळं केव्हा फोडायची?" मी म्हणालो, "तुझं जमलं की त्याच दिवशी." म्हणजे मी नाही म्हणालो नाही. खरं काय ते सांगता येत नव्हतं आणि खोटं नाकारायला मन होत नव्हतं.

ती बातमी आवगूपर्यंत पोचली. मामा ओबी आवगूला राहते. अंगानं भरदार, चर्चच्या बायकांच्या मंडळाची प्रमुख, आवाज असा की माईक दिला तर माईकच दबतो. ती न कळवता आली आणि नेमकी त्या दिवशी आली, ज्या दिवशी मी चुलतभावाच्या मातीला गावी गेलो होतो.

निघताना मी मामा उझोला बजावलं होतं, "आज उझोला सांगून टाका. नाहीतर बँकेतून बोलवून घ्या."

"बघते मी," ती म्हणाली. म्हणजे सांगणार नव्हती.

पुढचं मी डोळ्यांनी बघितलेलं नाही. पण दोघींकडून वेगवेगळं ऐकलं, आणि जिथे दोघींचं जुळतं तेवढंच खरं धरतो.

मामा ओबी पिशवी खाली ठेवत म्हणाली, "विहीणबाई, माझ्या कानावर काहीतरी आलं. माझा विश्वास बसला नाही. म्हणून बघायला आले."

"काय आलं कानावर?"

"खाली कापडवाला राहतो म्हणे."

"राहतो. आज नाही."

"हं," मामा ओबी म्हणाली आणि खुर्चीत बसली. त्या खुर्चीतून स्वयंपाकघर सरळ दिसतं.

फ्रिजमध्ये दोनच बाटल्या होत्या. नोकरी सुरू झाल्यापासून उझोआमाकाचं दूध कमी झालं होतं, थेंब थेंब जपून काढायची ती. मामा उझोनं पाणी रेघेपर्यंत भरलं, बाटली ठेवली. लाईट त्या दिवशी अर्धीच होती. बल्ब निखाऱ्यासारखा लाल, पंखा फिरल्यासारखं करत होता. नारिंगी दिवा लागला आणि तसाच राहिला. ओलान्मा उठली, कुरकुरली, रडायला लागली. तिचं रडणं तेव्हाही लहानच होतं, दाराबाहेर ऐकू जाणार नाही इतकं. आणि मग लाईट एकदम पूर्ण आली. बल्ब पांढरा झाला, यंत्रातलं पाणी बुडबुडायला लागलं. दिवा मात्र नारिंगीच.

मामा उझोनं बटण बंद करून बाटली काढली. फिरवली. मनगटावर थेंब टाकला. काही वाटलं नाही. तिला कधीच काही वाटत नव्हतं. गार असेल तर पोर पीत नाही, आणि पोटात गारवा गेला तर काय होतं याचं भय तिच्या हाडात होतं. कढत असेल तर त्याहून वाईट. जिना उतरून काही उपयोग नव्हता, खाली माझी खुर्ची रिकामी.

"काय झालं?" मामा ओबी म्हणाली. "पोर रडतंय. पाजा की."

मामा उझोनं पोराला मांडीवर घेतलं. पोरानं बाटली बघून तोंड उघडलं.

इथे दोघींच्या गोष्टी वेगळ्या होतात. मामा ओबी म्हणते, तिनं आधी दाराकडे बघितलं. मामा उझो म्हणते, तिनं पोरावरून नजरच काढली नव्हती. पण बाटलीचं बोंड पोराच्या ओठांपासून चार बोटांवर थांबलं आणि तिनं ते मागे घेतलं, हे दोघी सारखंच सांगतात. विहीण बघत होती. चार बोटांचं अंतर पार केलं असतं तर बहुधा काही झालं नसतं, आणि विहिणीला काही कळलं नसतं. बहुधा.

"विहीणबाई, तुमचा हात द्या."

"कशाला?"

"माझ्या हाताला कळत नाही."

"काय कळत नाही?"

"गरम."

मामा ओबीला आधी वाटलं, आपल्याला कामाला लावायचा हा डाव आहे. तरी तिनं हात पुढे केला, घड्याळ मागे सरकवून. थेंब पडला. तिनं येशूचं नाव घेतलं, मोठ्यानं नाही, दात आवळून. मनगटावर लाल डाग.

"हे तू तिला पाजणार होतीस?" तुम्हीचं तू झालं.

"नाही. म्हणून तर विचारलं."

"आणि मी आले नसते तर?"



ते दूध मामा ओबीनं मोरीत ओतलं. ओतताना मामा उझोनं तोंड फिरवलं. दुसरी बाटली त्यांनी यंत्रात ठेवलीच नाही. वाडग्यात कोमट पाणी घेऊन त्यात उभी धरली, मामा ओबी दर थोड्या वेळानं मनगट पुढे करत राहिली आणि मामा उझो बाटली फिरवत राहिली. पोर रडून रडून दमलं होतं, आणि त्याचं दमणं रडण्याहून भीतीदायक होतं. शेवटी मामा ओबी म्हणाली, "झालं. आण तिला इकडे." तिनं पोर घेतलं, बाटली ओठाला लावली. ओलान्मानं मान वळवली. पुन्हा लावली, पुन्हा वळवली. मामा ओबीनं चर्चमधलं गाणं म्हटलं. त्यानं तर पोर ताठच झालं.

"द्या," मामा उझो म्हणाली.

तिच्या मांडीवर पोरानं बोंड धरलं आणि ओढायला लागलं. पण मामा ओबीनं बाटली सोडली नाही. एकीच्या मांडीवर पोर, दुसरीच्या हातात बाटली, अशा दोघी बाटली संपेपर्यंत तशाच वाकून बसल्या. एकमेकींच्या तोंडाचा वास येईल इतक्या जवळ, असं मामा ओबीनं मला आवर्जून सांगितलं.

मी संध्याकाळी परतलो तेव्हा उझोआमाका नुकतीच बँकेतून आली होती. मला वरून हाक आली. मामा उझोनं सगळं स्वतःच सांगितलं होतं, विहिणीनं तोंड उघडायच्या आत.

"पापा, तुम्हाला माहीत होतं?" उझोआमाकानं विचारलं.

"होतं."

"माझ्या पगारवाढीची बातमी तुम्ही मला कळायच्या आधी अख्ख्या असाताला दिलीत. आणि हे एक मला सांगवलं नाही?"

मी टोपी काढून पुन्हा घातली. मामा ओबी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाली, "म्हणजे हात धरायचा तो यासाठी." तिच्या आवाजात जरा निराशाच होती.

उझोआमाकानं केसातली पिन काढली आणि आईचा हात मांडीवर घेतला. आई दाराकडे बघत होती. पिनेचं टोक मनगटाला लागलं, कातडी दबली.

"लागतंय?"

"काय?"

पिन वर सरकली. "इथे?"

"तू कधी लावणार आहेस?" मामा उझो म्हणाली.

उझोआमाकानं पिन बाजूला ठेवली. इतकी वर्षं त्याच हातांनी तिची फी भरली गेली होती, तरी ती रागावलेलीच होती, आणि का रागावू नये. "परवा डॉक्टरकडे जायचं," ती म्हणाली. "आणि माझ्यापासून असलं काही लपवायचं नाही. कधीच नाही."

मामा उझो उठून आत गेली आणि तिची पिशवी घेऊन बाहेर आली. आधीच भरलेली होती. "सकाळच्या गाडीनं जाते," ती म्हणाली. "मेलेल्या हातानं लेकरू सांभाळता येत नाही. विहीणबाई आल्यात, त्या बघतील."

गावाला काय वाटेल हे त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं. फक्त पोराच्या झोळीकडे एकदा नजर गेली.

मला वाटलं, मामा ओबी आता खुर्चीत आणखी पसरेल. ती उठली आणि पिशवीचा दुसरा बंद धरला.

"जाता कुठे? आणि तिला पाजणार कोण? माझ्याकडे बघून अशी तोंड फिरवते, जणू मी तिला कडूनिंब पाजलाय. मला काय, दिवसभर मनगट पुढे करता येईल. पण पोटात दूध गेलं पाहिजे ना कोणाच्या तरी हातून."

"दोन आज्यांनी मिळून ओमुग्वो करायचा?" मामा उझो म्हणाली. "लोक हसतील."

"हसू देत. खाली तो बसलाय ना, तो आधी हसेल, मग बाकीचे." हे माझ्याकडे बघून.

उझोआमाकानं दोघींच्या हातातून पिशवी काढून घेतली आणि भिंतीशी ठेवली. यंत्राची वायर गुंडाळली. अर्ध्या लाईटीवर हे पुन्हा लावायचं नाही, वाडग्यातलं कोमट पाणीच बरं, तिनं सांगितलं, आणि थेंब कोण बघणार आणि मांडीवर कोण घेणार हेही.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीच्या वेळी खुर्चीत बसलो. सवयीनं बाही वर सरकवली. कोणी आलं नाही. डोक्यावर खिडकी उघडी होती.

"झालं. काही वाटत नाही."

"नीट बघा, विहीणबाई. आतल्या बाजूला."

"आतल्याच बाजूला बघितलं."

"बाटली फिरवलीत का आधी?"

"फिरवली."

"पुन्हा फिरवा. आणि अजून एक थेंब."

"अहो, असं थेंब थेंब करत माझ्या मनगटानंच सगळं प्यायचं का? पोरीला काय उरेल?"

"अजून एक."

वर खुर्ची सरकल्याचा आवाज.

"बरं," मामा ओबी म्हणाली. "हा बघा, टाकला. काही वाटत नाही. आता घ्या."

"शप्पत?"

"घ्या म्हटलं ना."